हंगाम सरल्यावरचे नॅन्टकेट

अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिन पाळला जातो, आणि त्या दिवशी उन्हाळ्याच्या सुट्टीचा व्यवहारतः शेवट होतो. शाळा उघडतात, कार्यालये भरतात आणि ईशान्य किनाऱ्यावरील श्रीमंतांची बेटे एकाएकी रिकामी होऊ लागतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅन्टकेट हे त्यांपैकी एक बेट. जुलै-ऑगस्टमध्ये या बेटावर पाय ठेवण्यास जागा नसते. सप्टेंबरात मात्र तेच रस्ते, तेच किनारे आणि तीच उपाहारगृहे निवांत होतात. ऊन सौम्य झालेले असते, पण ऑगस्टभर तापलेले समुद्राचे पाणी अजून थंडावलेले नसते. जूनमधील दाट धुके बरेचसे ओसरलेले असते. जाणकार प्रवासी म्हणूनच या तीन-चार आठवड्यांची वाट पाहतात.

केप कॉडच्या दक्षिणेस सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात हे बेट आहे. लांबी सुमारे २२ किलोमीटर, रुंदी जेमतेम साडेपाच. हायॅनिस बंदरातून मोटारी वाहून नेणारी मोठी बोट सव्वादोन तासांत पोहोचवते, वेगवान बोट एका तासात. मोटार बोटीवर नेण्यासाठी हंगामात कित्येक महिने आधी आरक्षण करावे लागते. परंतु बेटावर मोटारीची फारशी गरजच पडत नाही, हे पहिल्याच दिवशी कळते. ब्रँट पॉइंटचे बुटके दीपगृह उजव्या हाताला ठेवून बोट बंदरात शिरते, आणि समोर करड्या रंगाचे गाव दिसू लागते. घरांच्या भिंतींवर देवदाराच्या पातळ फळ्यांची खवले बसवलेली असतात. खारा वारा खाऊन ती काही वर्षांतच राखाडी होतात. धुके आणि ही घरे यांमुळे बेटाला ‘ग्रे लेडी’ असे लाडके नाव पडले आहे. संपूर्ण बेटावर वाहतूक नियंत्रणाचा एकही दिवा नाही.

बंदरापासून वर चढत जाणारा मेन स्ट्रीट गोल दगडांनी फरसबंद केलेला आहे. तेलाच्या पिंपांनी लादलेल्या गाड्यांची चाके मातीत रुतू नयेत म्हणून ही फरसबंदी झाली, असे सांगतात. ते तेल देवमाशाचे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत नॅन्टकेट ही देवमाशांच्या शिकारीची जागतिक राजधानी होती. स्पर्म व्हेलच्या डोक्यात मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या मेणबत्त्या धूर न करता लख्ख जळत. लंडनचे रस्तेही देवमाशाच्या तेलावर उजळत. या उजेडाच्या बाजारावर वाळूच्या एका तुकड्याने आपले नाव कोरले.

व्यापारी वाचकांना या धंद्याची रचना परिचित वाटेल. एकट्याने जहाज बांधण्याची जोखीम सहसा कोणी घेत नसे. जहाजाचे सोळा, बत्तीस, प्रसंगी चौसष्ट हिस्से पाडले जात, आणि एक कुटुंब अनेक जहाजांत थोडेथोडे हिस्से ठेवी. एक जहाज बुडाले तरी घर बुडत नसे. खलाशांना पगार नसे. फेरीअखेर विकल्या गेलेल्या मालात प्रत्येकाचा ठरलेला अंश असे. कप्तानाला मोठा, नवशिक्या पोराला अगदी नगण्य. फेरी तीन-चार वर्षांची असे. तेवढा काळ मागे राहिलेल्या स्त्रिया दुकाने, हिशेब आणि उधारी सांभाळत. सेंटर स्ट्रीटच्या एका भागाला ‘पेटिकोट रो’ म्हणत, कारण तेथील दुकाने बहुतांशी स्त्रियाच चालवत.

येथील बहुसंख्य व्यापारी क्वेकर पंथाचे होते. साधे कपडे, साधी घरे, शब्दाला जागणे आणि युद्धात शस्त्र न उचलणे ही त्यांची शिस्त. भाल्याने समुद्रातील जीव मारताना मात्र त्या शिस्तीला संकोच झाला नाही. अहिंसेचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथील वाचकाचे लक्ष या विसंगतीकडे गेल्यावाचून राहणार नाही. गावातील देवमासा संग्रहालय १८४७ साली मेणबत्त्यांच्या कारखान्यासाठी बांधलेल्या इमारतीत आहे. तेथे ४६ फूट लांबीच्या स्पर्म व्हेलचा सांगाडा छताखाली टांगलेला आहे. १९९८ च्या नववर्षदिनी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तो मासा वाहत आला आणि तेथेच मेला. त्याच्याखाली उभे राहिल्यावर बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मेन स्ट्रीटच्या माथ्यावर १८१८ साली बांधलेली पॅसिफिक बँकेची विटांची इमारत उभी आहे. अटलांटिकमधील बेटावरच्या बँकेचे नाव पॅसिफिक असावे, याचे कारण तिच्या खातेदारांचे भांडवल प्रशांत महासागरात फिरत होते. या बँकेचे कॅशियर होते विल्यम मिचेल. त्या काळी हे पद आजच्या व्यवस्थापकाच्या तोडीचे. कुटुंब बँकेच्याच इमारतीत राहत असे, आणि छतावर दुर्बीण बसवलेली होती. त्यांची कन्या मारिया दिवसा गावच्या ‘अथेनियम’ ग्रंथालयात ग्रंथपाल, रात्री छतावर आकाशनिरीक्षक. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री तिला तेथून एक नवा धूमकेतू दिसला. डेन्मार्कच्या राजाने सुवर्णपदक दिले, आणि पुढे ती व्हासार महाविद्यालयात खगोलशास्त्राची प्राध्यापिका झाली. बँकेच्या इमारतीने व्याजाखेरीज आणखीही काही उत्पन्न करावे, याचे याहून सुरेख उदाहरण सापडणे कठीण.

थोडे पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला विटांच्या तीन हवेल्या ओळीने दिसतात. जोसेफ स्टारबक या तेलव्यापाऱ्याने १८३० च्या दशकात आपल्या तीन मुलांसाठी त्या बांधल्या. तिन्ही हुबेहूब सारख्या. दारे, खिडक्या, दर्शनी खांब, कशातही डावे-उजवे नाही. वाटणीच्या वेळी घराघरांत काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना स्टारबकच्या या खर्चामागचा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

मग हे वैभव दहा-पंधरा वर्षांत आटले. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता. जहाजे मोठी होत गेली, तशी ती आत येईनात. १८४२ मध्ये जहाजाला दोन्ही बाजूंनी उचलून बांधावरून आत आणणारी तरंगती गोदी तयार करण्यात आली. पण रेल्वे आणि खोल बंदर दोन्ही लाभलेल्या न्यू बेडफर्डने तोवर धंदा ओढून नेला होता. १३ जुलै १८४६ च्या रात्री मेन स्ट्रीटवरील टोप्यांच्या एका दुकानात आग लागली. तेलाने भरलेल्या वखारींनी ती बंदरापर्यंत पोहोचवली. सुमारे तीनशे इमारती जळाल्या, अथेनियम ग्रंथालयही गेले. ते लोकांनी काही महिन्यांतच पुन्हा उभे केले, ही गोष्ट त्या समाजाविषयी बरेच सांगते. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियात सोन्याची धाव सुरू झाली आणि तरुण तिकडे निघून गेले. १८५९ मध्ये पेनसिल्वेनियात जमिनीतून खनिज तेल निघाले. १८६९ मध्ये शेवटचे शिकारी जहाज बंदरातून बाहेर पडले. १८४० मध्ये नऊ हजारांवर असलेली वस्ती १९०० मध्ये सुमारे तीन हजारांवर आली.

आज प्रवासी ज्या जुन्या घरांची छायाचित्रे घेतात, ती टिकली ती या दारिद्र्यामुळे. घरे पाडून नवी बांधण्यासाठी कोणाकडे पैसाच उरला नव्हता. धंद्याचे नवे रूप कोणते असणार, याची चाहूल मात्र लवकरच लागली होती. जेरेड कॉफिन या जहाजमालकाने १८४५ मध्ये बांधलेला तीन मजली वाडा दोनच वर्षांत आगबोट कंपनीने विकत घेतला आणि त्याची खानावळीसह धर्मशाळा नव्हे, चांगले हॉटेल केले. तेल विकणारे बेट हळूहळू हवा विकू लागले.

हवा विकताना विसाव्या शतकात या बेटाने जे निर्णय घेतले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. सप्टेंबरातील प्रवाशाला जी शांतता मिळते ती निसर्गदत्त आहे असा त्याचा समज होतो. वस्तुतः तिचा मोठा भाग दस्तांत आणि नगरसभेच्या ठरावांत लिहिलेला आहे. १९५५ मध्ये जुन्या गावाला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि पुढे तो नियम संपूर्ण बेटाला लागू झाला. खिडकीची चौकट, दाराचा रंग, छपराचा उतार यांसाठीही आयोगाची संमती लागते. २००६ मध्ये गावातील मध्यवर्ती भागात साखळी दुकानांना बंदी घालण्यात आली. एकाच नावाच्या, एकाच साच्याच्या अनेक शाखा असलेल्या दुकानाला तेथे नवी जागा मिळत नाही. परिणामी दुकानाच्या गल्ल्यावर अजूनही मालक स्वतः बसलेला आढळतो. आपल्याकडील बाजारपेठांत हे दृश्य कमी होत असताना त्याचे अप्रूप वाटावे हे साहजिक आहे.

परंतु सर्वांत विलक्षण संस्था म्हणजे ‘लँड बँक’. या बँकेत ठेव ठेवता येत नाही आणि ती कर्जही देत नाही. १९८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ती स्थापन झाली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. बेटावर कोणतीही स्थावर मालमत्ता विकली गेली की खरेदीदाराने किमतीच्या दोन टक्के रक्कम या बँकेकडे भरायची. मुद्रांक शुल्क भरण्याची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. हा पैसा सरकारी तिजोरीत जाऊन मिसळत नाही. त्यातून बेटावरीलच जमिनी बाजारभावाने खरेदी केल्या जातात, आणि त्या कायमच्या मोकळ्या ठेवल्या जातात. एखादा बंगला ३० लाख डॉलरला विकला गेला, आणि अशा किमती तेथे आता नित्याच्या आहेत, की ६० हजार डॉलर मोकळ्या माळासाठी आपोआप बाजूला पडतात. सौदे जितके चढ्या भावाचे, तितकी बँकेची खरेदीशक्ती अधिक. जमिनीची तेजी जी जमीन गिळू पाहते, तिच्याच पोटातून तिला आवरण्याचे भांडवल काढण्याची ही युक्ती आहे.

लँड बँकेने अशा रीतीने तीन हजार एकरांहून अधिक जमीन राखली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या नॅन्टकेट कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनकडे, मुख्यतः देणग्यांतून, सुमारे नऊ हजार एकर आहेत. संपूर्ण बेट तीस हजार एकरांच्या आसपास; त्यातील निम्म्याहून अधिक भूमीवर आता कधीच घर बांधले जाणार नाही. जेथील एक एकर विकून माणूस आयुष्यभर बसून खाऊ शकेल, तेथे हे घडले आहे.

या मोकळ्या भूमीचा उपभोग घेण्यास सायकल पुरेशी आहे. गावातून पूर्वेकडील सियास्कॉन्सेट या वस्तीपर्यंत, ज्याला सारे ‘स्कॉन्सेट’ म्हणतात, सुमारे ११ किलोमीटरचा सपाट, स्वतंत्र सायकलमार्ग आहे. रस्त्याच्या कडेला जुने पांढरे मैलाचे दगड. मधल्या माळरानावर हकलबेरीची झुडपे सप्टेंबर उतरता उतरता तांबूस होऊ लागतात आणि ऑक्टोबरात तर सारा माळ किरमिजी दिसतो. स्कॉन्सेटची घरे मुळात कोळ्यांच्या झोपड्या. इतकी ठेंगणी की उंच माणसाने दारात वाकावे. त्यांच्या छपरांवर चढवलेल्या गुलाबवेलींचा बहर जून-जुलैचा, सप्टेंबरात तुरळक फुले उरतात. त्याची भरपाई वाळूच्या टेकड्यांवरील रानगुलाबांची लालभडक फळे करतात.

स्कॉन्सेटच्या कड्यावरून एक पाऊलवाट जाते. एका बाजूला खाली अटलांटिक, दुसऱ्या बाजूला कोट्यधीशांची घरे, आणि वाट चक्क त्यांच्या हिरवळीवरून, ओसरीपासून काही पावलांवरून. एकोणिसाव्या शतकात येथे भूखंड पाडणाऱ्या विकासकाने ही वाट सर्वांसाठी खुली राहील अशी तजवीज करून ठेवली, आणि पुढील प्रत्येक मालकाने ती सोसली. चालणाऱ्यांनीही तिचा मान राखला आहे. मोठ्याने बोलणे नाही, खिडक्यांत डोकावणे नाही. काही भाग मात्र आता कड्यासह समुद्रात गेला आहे आणि वाट तेथे तुटते. येथील सँकटी हेड दीपगृह १८५० चे. कडा खचत खचत त्याच्या पायाशी आला, तेव्हा २००७ मध्ये ते अखंड उचलून सुमारे १२० मीटर आत हलवण्यात आले. अनेक घरांनाही तसेच मागे सरकावे लागले. समुद्राशी केलेल्या व्यवहारात मुद्दल दरवर्षी घटते, हे बेट जाणून आहे.

किनाऱ्यांची निवड मनःस्थितीवर सोडावी. उत्तरेचे पाणी शांत, लहान मुलांना आणि वृद्धांना सोयीचे. दक्षिणेस सर्फसाइडला लाटा मोठ्या; पोहता येत नसेल तर तेथे वाळूत बसून पाहणेच उत्तम. सूर्यास्तासाठी पश्चिमेचे मॅडकेट. या राज्याच्या जुन्या कायद्यानुसार खासगी मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत पोहोचू शकते. तरीही नॅन्टकेटचे बहुतेक किनारे सर्वांना खुले आहेत, कारण तशी येथील रीत आहे. ती रीत कागदावर यावी म्हणून नगराने ‘वन बिग बीच’ या नावाने मालकांकडून सार्वजनिक वावराचे हक्क लिहून घेण्याचा उपक्रम चालवला. सद्भावनेवर चाललेला व्यवहार वेळीच दस्तात आणणे शहाणपणाचे, हे कोणत्याही पेढीवाल्याला पटावे.

एवढ्यावर थांबले असते तर हे बेट आदर्श म्हणून दाखवता आले असते. पण ताळेबंदाची दुसरी बाजू आहे. निम्मी जमीन कायमची बाजारातून गेली, उरलेल्या निम्म्यात घर घेऊ इच्छिणारे न्यूयॉर्क-बॉस्टनचे धनिक. भाव कोठे जाणार? २०२० च्या जनगणनेत बेटाची कायम वस्ती १४,२५५ होती. त्यांतील शिक्षक, परिचारिका, सुतार, पोलीस, स्वयंपाकी यांना विकत घर घेणे जवळजवळ अशक्य झाले आहे. भाड्याचे घर मिळते ते हिवाळ्यापुरते. उन्हाळा आला की मालक तेच घर प्रवाशांना आठवड्याच्या दराने देतो आणि भाडेकरूला बिऱ्हाड उचलावे लागते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या स्थलांतराला ‘नॅन्टकेट शफल’ असे नाव आहे. मुलांसह, सामानासह, कधी नातलगाच्या तळघरात. जमैका, एल साल्वादोर, बल्गेरिया अशा देशांतून आलेली माणसे खोलीत दाटीवाटीने राहतात. शेकडो कारागीर हायॅनिसहून पहाटेच्या बोटीने किंवा छोट्या विमानाने येतात आणि संध्याकाळी परत जातात. प्रवाशाला मोहवणारी देवदाराची खवले भिंतीवर ठोकणारा माणूस त्या भिंतीच्या आत, किंवा त्या बेटावरच, राहू शकत नाही.

हा दोष लँड बँकेच्या माथी पूर्णपणे मारणे न्याय्य होणार नाही. ती जमीन मोकळी राहिली नसती, तर तिच्यावर बहुधा आणखी उन्हाळी बंगलेच उभे राहिले असते, शिक्षकांची घरे नव्हे. पण माळासाठी निधी उभारण्याची जी तत्परता १९८३ मध्ये दिसली, ती माणसांच्या बाबतीत दिसली नाही, हेही खरे. काही प्रयत्न झाले आहेत. एकाच भूखंडावरील दुसरे घर वेगळे काढून विकण्याची मुभा एका योजनेत आहे. अट अशी की ते घर ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि वर्षभर तेथेच राहणाऱ्या कुटुंबालाच विकायचे, आणि ही अट दस्तासोबत पुढील प्रत्येक खरेदीदाराला बांधून राहते. महागड्या सौद्यांवर आणखी एक छोटे शुल्क बसवून त्यातून कामकऱ्यांची घरे बांधावीत, असा प्रस्ताव नगरसभेने मंजूर करून वर्षानुवर्षे राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवला. नगरसभेत मत देण्याचा अधिकार फक्त तेथे नोंदलेल्या मतदारांना असतो. बंगल्यांचे मालक कर भरतात, परंतु त्यांचे मत त्यांच्या मूळ गावी असते. त्यामुळे ज्यांच्याकडे घरे आहेत त्यांच्याकडे मत नाही, आणि ज्यांच्याकडे मत आहे त्यांतील अनेकांकडे घर नाही, अशी विचित्र स्थिती सभागृहात पाहायला मिळते. चर्चा तापतात, हे वेगळे सांगायला नको.

बेटाचा एक जुना सौदा आठवला म्हणजे हे सारे आणखी विचित्र वाटते. १६५९ मध्ये टॉमस मेह्यू या इंग्रज वसाहतकाराने आपला हक्क नऊ खरेदीदारांना विकला, तो ३० पौंड आणि बीव्हरच्या लोकरीच्या दोन टोप्यांना. एक टोपी त्याला, एक त्याच्या पत्नीला. त्या भूमीवर पूर्वीपासून राहणारे वॅम्पानोआग लोक या हिशेबात फारसे धरले गेले नाहीत. १७६३-६४ च्या साथीत त्यांच्यातील २२२ माणसे मेली, आणि उरलेला समाज विखुरला. घर कोणाला मिळावे हा प्रश्न या बेटाला नवा नाही.

जाण्याचा विचार असेल तर कामगार दिनानंतरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडावा. खोल्यांचे दर ऑगस्टच्या तुलनेत उतरतात, तरी स्वस्त म्हणावेत असे कधीच नसतात; दोन कुटुंबांनी मिळून स्वयंपाकघरासह घर घेतल्यास खर्च आणि जेवण दोन्ही आटोक्यात राहते. शाकाहारी कुटुंबाला ते अधिक सोयीचे, कारण बेटावरील अनेक उपाहारगृहे मासळीवर चालतात. भाजीसाठी बार्टलेट कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे; सप्टेंबरात तेथे टोमॅटो आणि मक्याची कणसे विपुल मिळतात. संध्याकाळसाठी लोकरीचे वस्त्र अवश्य असावे. हा महिना अटलांटिक वादळांचाही आहे. वारा वाढला की बोटी थांबतात, धुके उतरले की विमाने. बॉस्टनहून परतीचे विमान असेल, तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवूनच तिकिटे काढावीत.